पडद्यावरचा समुद्र आणि रस्त्यावरची दुकानं

किल्ला असला की गावाला इतिहास असतो, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. बिदरला किल्ला आहे, महमूद गवानचा मदरसा आहे. जवळच्या कल्याणला तर चालुक्यांची राजधानीच होती आणि पुढं बसवण्णांची कर्मभूमी. मग आमच्या राजेश्वरला काय आहे? रस्ता आहे, आणि रस्त्याच्या आधारानं जगणारी दुकानं आहेत. पुण्याहून निघून सोलापूर, हैदराबाद करत हा रस्ता थेट मछलीपट्टणला बंगालच्या उपसागराशी जाऊन थांबतो. आधी त्याचा नंबर नऊ होता. २०१० साली देशभरच्या महामार्गांचे नंबर बदलले, तेव्हापासून तो पासष्ट झाला. काही पाट्यांवर मात्र अजून नऊच आहे. आमचा इतिहास असा पाट्यांवर आहे बघा, आणि पाट्या गंजतात.

म्हणून मी दुकानांचे फोटो काढते. रोज सकाळी मोतीला घेऊन फिरायला निघते, तेव्हा. मोती म्हणजे आमचं गावठी कुत्रं. फोन हातात असतो, साखळी मनगटाला. कुठं थांबायचं ते मोती ठरवतो, आणि तो प्रत्येक दुकानाच्या पायरीशी थांबतो. माणूस एकटा चालला की पुढं बघून चालतो. कुत्र्याबरोबर चालणाऱ्याला उंबरे, पायऱ्या, फळ्या, गटारीवरची फरशी, सगळं बघावं लागतं. शटर लागायच्या आधी दुकानाच्या दाराला उभ्या फळ्या असायच्या, त्यांवर एक-दोन-तीन असे आकडे घातलेले, की रात्री लावताना उलटसुलट होऊ नयेत. तसल्या फळ्यांचा एक संच अजून एका किराणा दुकानात आहे. तो मला मोतीनं दाखवला.

रस्त्याचा पहिला गाजलेला फोटो पॅरिसचा आहे, १८३८ सालचा, दागेर यानं खिडकीतून काढलेला. रस्ता वर्दळीचा होता, पण फोटोत जवळजवळ कुणीच नाही. पाटीवर उजेड कित्येक मिनिटं पडू द्यावा लागे, त्यामुळं चालणारी माणसं, गाड्या, घोडे उमटलेच नाहीत. उमटला तो एक माणूस, बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला. जो थांबला तो इतिहासात आला, हलणारा बाजार गळून गेला. कुत्रं असेल तर तेही गळालं असणार. ते कुठलं तेवढा वेळ उभं राहतंय!

आपल्याकडं ही कला फार लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले फोटोग्राफर. आमच्या निजामी मुलखात नाव झालं ते राजा दीनदयाळ यांचं. १८४४ साली सरधन्याला एका जैन जव्हेरी घरात जन्म, रुरकीला इंजिनिअरिंगचं शिक्षण, इंदूरला सरकारी नोकरी, आणि पुढं सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर. सिकंदराबादला स्टुडिओ, १८९६ साली मुंबईलाही स्टुडिओ. त्यांच्या काचपाट्यांवर महाल आहेत, शिकारी आहेत, मेजवान्या आहेत, पलटणी आहेत. ज्यानं पैसे दिले त्याचा फोटो निघाला, त्यात फोटोग्राफरला दोष देण्यासारखं काही नाही. पण राज्याचा महसूल ज्या पेठांतून जायचा, त्या छोट्या पेठा या वैभवात शोधाव्या लागतात.

दीनदयाळांची एक गोष्ट मला फार आवडते. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. उंच भिंतींचं आवार, आत सगळ्या बायकाच, आणि कारभार केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडं. पडद्यातल्या बायकांना आपला चेहरा बघायला मिळाला. अर्थात कुठल्या बायकांना? ज्यांच्या घरी पालखी होती त्यांना.

आमच्या आजीचा फोटो निघायला आणखी साठ-पासष्ट वर्षं गेली. हुमनाबादच्या एका स्टुडिओत काढलेला तो तिचा एकच फोटो. नऊवारी, डोक्यावरून पदर, दोन्ही हात मांडीवर. आणि मागं समुद्र! लाटा, नारळाची झाडं, शिडाची होडी. पडद्यावर रंगवलेला, त्या काळी गावोगावच्या स्टुडिओत असायचा तसा. निजामाच्या राज्याला किनारा नव्हता. पूर्वेचा किनारा अठराव्या शतकातच इंग्रजांकडं गेला होता. दारावरून जाणारा रस्ता समुद्राला मिळतो हे आजीला ठाऊक नव्हतं, आणि समुद्र तिनं जन्मात पाहिला नाही. बरं, फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, तो जनावरांच्या हाडाकातड्याचा. त्याआधी दीनदयाळांच्या काळात फोटोचा कागद अंड्याच्या पांढऱ्यानं माखलेला असे. कंदमुळं घरात न आणणाऱ्या आजीच्या पेटीत हे तिच्या नकळत येऊन बसलं होतं. कळलं असतं तर तिनं फोटो पेटीत ठेवला नसता.

आजीनं जे रोज पाहिलं, त्याचा फोटो मात्र एकही नाही. आजोबांचं भुसाराचं दुकान. दुपारी ते जेवून आडवे झाले की गल्ल्यावर आजी बसायची. तिनं तीन राजवटींचा हिशेब ठेवला. आधी निजामाचा हाली सिक्का. इंग्रजी रुपयाला तेव्हा कलदार म्हणत आणि दोन्हींचा भाव वेगळा. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राज्य संपलं. १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बिदर जिल्हा वाटला गेला: उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, आम्ही म्हैसूर राज्यात. लगेच १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. मागोमाग शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम. चार-सहा वर्षांत राज्य बदललं, कचेरीची भाषा उर्दूची कन्नड झाली, नाणं बदललं, वजनं बदलली, आणि गिऱ्हाईक तेच, "अर्धा शेर तूरडाळ द्या" म्हणणारं. हे सगळं जमवून घ्यायचं काम दुकानानं केलं. मराठीत घासाघीस, कन्नडमध्ये पावती, उर्दूत उधारीचा तगादा. आजीला लिहिता फक्त मोडी आकडे यायचे, बोलता तिन्ही भाषा. ते दुकान पाडून तीस वर्षं झाली. आज मला त्याची फळी, तराजू, गादी, कुठलंच चित्र दाखवता येत नाही. समुद्र दाखवता येतो.

कुत्र्याला आणि ओवीला जागा देणारा इतिहास आपल्याकडं नव्हताच असं नाही. बाराव्या शतकात कल्याणच्या सोमेश्वर तिसऱ्यानं 'मानसोल्लास' लिहिला. त्यात राजकारभार आहे, स्वयंपाक आहे, चित्रकला आहे, शिकारी कुत्र्यांवर स्वतंत्र भाग आहे, आणि महाराष्ट्रात बायका कांडताना ओव्या गातात हीसुद्धा नोंद आहे. राजानं लिहिलेलं पुस्तक, पण मुसळाचा आवाज त्यात पोचला. आमच्याकडं जीवंधरानं मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार सांगितल्याची कथा आहे. खानापूरच्या मैलार मल्लण्णाकडं जावं तर वाघ्या देवाचं कुत्रं होऊन भुंकतो. तेव्हा मोतीला बरोबर घेऊन इतिहास गोळा करण्यात मला काही वावगं वाटत नाही.

फोटो काढायला लागले तेव्हा दुकानदार बिचकले. "अक्का, फोटो कशाला काढायलाव? रोड रुंद करायलेत का काय?" मोजणी, नोटीस, पाडापाडी यांच्या आधी फोटो काढणारा येतो, हे गावानं पाहिलं आहे. कुत्रं बरोबर आहे म्हटल्यावर मात्र भीती कमी झाली. सरकारी माणूस कुत्रं घेऊन येत नाही.

पॅरिसमध्येही असंच होतं. तिथं जुन्या गल्ल्या पाडून सरळ रुंद रस्ते केले गेले. जे उरलं होतं त्याचे फोटो ओझेन आत्जे नावाचा माणूस १८९० च्या दशकापासून काढत राहिला: दुकानांच्या दर्शनी बाजू, पाट्या, टोपल्या, दारात उभे मालक. जड कॅमेरा, काचपाट्या, तिकाटणं, सगळं स्वतः वाहून. चित्रकारांना संदर्भ म्हणून तो हे फोटो विकायचा. १९२७ साली तो वारला, तेव्हा बेरेनिस ॲबट या तरुण बाईनं त्याच्याकडं उरलेला साठा मिळवून जपला, म्हणून आज तो जगाला माहीत आहे.

आमचं ओझं खिशात मावतं. तरी एका गोष्टीची अडचण आहे: फोनमध्ये हजारो फोटो असतात आणि एकावरही काही लिहिलेलं नसतं. फोन बिघडला की संपलं. म्हणून मी दर महिन्याला पाच-सहा छापून घेते आणि पाठीमागं लिहिते: तारीख, रस्त्याची कुठली बाजू, दुकान कशाचं, पाटी कोणत्या भाषांत, मालकाच्या किती पिढ्या. गुलबर्ग्याचं २०१४ मध्ये कलबुर्गी झालं; पाटीवर अजून गुलबर्गा असेल तर तसं लिहिते. दुपारी गल्ल्यावर बाई बसत असेल, तर दुपारीच परत जाते, तिला विचारते, आणि तिचा फोटो दुकानासकट काढते. पदर सावरून ती म्हणते, "थांबा अक्का, जरा मागचं सामान आवरते."

मी सांगते, आवरू नका. बरण्या, पोती, तराजू, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं मागं तसंच राहू द्या.