पट्टा बांधलाय, पण कशाला?

पोस्ट लांब आहे. पण घरात जुनी बस, टेम्पो ट्रॅव्हलर किंवा जीप 'मॉडिफाय' करायचं चाललं असेल तर शेवटपर्यंत वाचाच.

मागच्या महिन्यात एक जुना मित्र घरी आला. त्याने एक वय झालेली खासगी बस विकत घेतलीये. आतली सीटं काढली, दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि एका अंगाला आडवं बाकडं बसवलं. दिवाळीनंतर आई-वडील, बायको आणि दोन पोरांना घेऊन नर्मदा परिक्रमेला निघायचं, असा बेत. मला म्हणाला, "तू पत्रकार, तुला माहीत असेल. बाकड्याला खांद्यावरून येणारे सीटबेल्ट लावायचेत. मिस्त्री म्हणतो, दोन बोल्ट आन एक पट्टी, उद्या संध्याकाळी गाडी घेऊन जा."

मी "लाव की, चांगलंच आहे" म्हणणार होतो. पण जीभ अडखळली. वीस वर्षं अपघाताच्या बातम्या लिहितोय. नगर-मनमाड रस्त्यावरच्या कितीतरी लिहिल्या. "चालकाचा ताबा सुटल्याने" हे वाक्य माझं डोळे झाकून टाइप होतं. पण माणसं गाडीत कुठं बसली होती, सीट जागेवर राहिलं का उखडलं, पट्टा होता का, हे मी एकदाही विचारलं नाही. मृतांची नावं, जखमींची नावं, पंचनामा, संपलं. म्हणून मित्राला दोन दिवस थांब म्हणालो आणि वाचायला बसलो.

हा विषय खरं तर आपल्याच जिल्ह्याचा आहे. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली ती नगर ते पुणे. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. लाकडी बॉडी, वर कापडी छत, काथ्या भरलेली सीटं. त्या गाडीत पट्टा असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आज आपण वापरतो तो पट्टा जगातच नव्हता.

तो आला १९५९ साली. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत निल्स बोहलिन नावाचा इंजिनिअर होता. त्याआधी तो साब कंपनीत लढाऊ विमानांच्या बाहेर फेकल्या जाणाऱ्या सीटवर काम करायचा. झटका बसल्यावर अंगाचं काय होतं, हे त्याला पक्कं ठाऊक. त्याआधीच्या मोटारींत बहुतेक नुसता कमरेचा पट्टा असायचा. त्यात कंबर धरली जाते, पण धड पुढे दुमडतं, डोकं आपटतं, पोटातली आतडी फाटू शकतात. बोहलिनने एक पट्टा खांद्यावरून, एक मांड्यांवरून घेतला आणि दोन्ही कमरेच्या बाजूला खाली अडकवले. जोर छातीच्या बरगड्यांवर आणि कमरेच्या हाडावर, म्हणजे अंगातल्या मजबूत जागांवर. व्होल्वोने हे पेटंट इतर कंपन्यांनाही वापरायला मोकळं ठेवलं. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने पट्टा लावणं कायद्याने सक्तीचं केलं, जगात पहिल्यांदा.

आपल्याकडे मोटारीच्या पुढच्या सीटला पट्टा बसवून देणं कंपन्यांना १९९४ पासून बंधनकारक झालं. पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटांचा नंबर त्यानंतर लागला. नियम आला, सवय आली नाही. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथराव मुंडे गेले, मागच्या सीटवर होते. शेजारच्या बीडचा माणूस, त्यामुळे आपल्या पाथर्डी-शेवगावात त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्या सीटवर, पट्ट्याविना. दर वेळी आठवडाभर चर्चा झाली, मग आपण पुन्हा पट्टा मागे खोचून ठेवला. २०१९ पासून दंड हजार रुपये आहे. आपण तो पोलिसासाठी लावतो, आपल्यासाठी नाही.

हे झालं मोटारींचं. बसची गोष्ट वेगळी. आपल्याकडे बसची चासी एका ठिकाणी आणि बॉडी दुसऱ्या ठिकाणी बनायची रीत जुनी. एसटीच्या स्वतःच्या बॉड्या दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या कार्यशाळांत बांधल्या गेल्या. खासगी बसवाले आपापल्या बॉडीबिल्डरकडे जात. सीट प्रवाशाचं बूड टेकण्यासाठी होतं, अपघातात त्याला धरून ठेवण्यासाठी नव्हतं. म्हणूनच जुन्या बसची सीटं पातळ पत्र्याला किंवा प्लायवूडला बोल्टने आवळलेली दिसतात.

आता मित्राच्या मिस्त्रीचे 'दोन बोल्ट आन एक पट्टी' घ्या. साधा हिशोब मांडतो. ६५ किलोचा माणूस, गाडी ताशी ५० किलोमीटरवर, आणि धडकेत अंग अर्ध्या मीटरच्या आत थांबलं. तेवढ्या वेळात पट्ट्यावर येणारा जोर माणसाच्या वजनाच्या साधारण वीसपट होतो. म्हणजे तेराशे किलो. एका माणसाचा! प्लायवूडमध्ये घातलेला बोल्ट हा जोर घेत नाही. तो पट्ट्यासकट, सीटसकट बाहेर येतो. शंभर लिटरची पाण्याची टाकी नीट आवळली नसेल तर याच हिशोबाने दोन टनांचा जोर घेऊन पुढे येते. सिलिंडरचंही तेच.

दुसरी गोष्ट मला माहीतच नव्हती. आडव्या बाकड्याला खांद्याचा पट्टा लावणं धोक्याचं असतं. गाडी पुढे जाताना थांबते, पण बाकड्यावरच्या माणसाचं अंग बाजूला फेकलं जातं. खांद्याचा पट्टा तेव्हा छातीऐवजी मानेवर येतो. म्हणजे ज्या बाकड्यावर दोन पोरं बसणार होती, तिथं पट्टा लावून मित्र त्यांना वाचवत नव्हता, उलट धोका वाढवत होता.

आणि गंमत बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या नियमात गाड्यांच्या चाचणीसाठी ज्या संस्थांची नावं आहेत, त्यात पुण्याच्या एआरएआयसोबत आपल्या नगरच्या व्हीआरडीईचं नाव आहे. संरक्षण खात्याची संस्था, पण नागरी गाड्यांनाही प्रमाणपत्र देते. देशभरातून गाड्या तपासायला नगरला येतात आणि नगरचा माणूस पट्टा लावायला वेल्डिंगच्या दुकानात जातो.

घर असलेल्या गाडीसाठीही, म्हणजे मोटर कॅराव्हॅनसाठी, वेगळं मानक आहे, एआयएस-१२४. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. माणसं याला कागदांचा छळ म्हणतात. मीही म्हणायचो. पण तेराशे किलोचा हिशोब मांडल्यावर कळलं की त्या कागदामागे कुणीतरी पट्टा ओढून बघितलेला असतो. मिस्त्री हाताने हिसका देऊन बघतो.

मिस्त्रीला दोष देत नाही. त्याला कुणी हे शिकवलंच नाही. आपल्या संगमनेर-नारायणगाव पट्ट्यातले तमाशाचे फड पिढ्यान्‌पिढ्या गाडीतच संसार करत गावोगाव फिरले. सामानावर माणसं, माणसांवर सामान. दिंड्यांचे ट्रक, ऊसतोडीच्या गाड्या तशाच. गरिबाचा प्रवास असाच असतो, हे आपण मान्य करून टाकलंय. पण ज्याच्या हातात चार पैसे आहेत आणि जो हौसेने गाडी बांधतोय, त्याने तरी नीट बांधावी.

मी मित्राला सगळं सांगितलं. आधी चिडला. "मग काय घरीच बसू का?" म्हणाला. दोन दिवस फोन नाही. मग वहिनींचा फोन आला, "भाऊजी, बाकडं काढलंय."

आता ठरलंय ते असं. पट्टा सीटमध्येच बसवून येणारी, पुढे तोंड असलेली सहा तयार सीटं घ्यायची. सगळा जोर सीटच्या पायांतून खाली येतो, म्हणून ती फळीवर नाही तर चासीला जोडलेल्या लोखंडी सांगाड्यावर बसवायची, आणि तेही ज्याच्याकडे मान्यता आहे त्याच्याकडूनच. गाडी चालू असताना पलंगावर कुणी झोपायचं नाही. टाकी, सिलिंडर जखडून ठेवायचे. आणि सगळ्यात आधी आरटीओत जाऊन गाडीची नोंद बदलायची. खर्च वाढला, परिक्रमा दिवाळीनंतर होत नाही. आजोबा नाराज आहेत.

माझ्यापुरतं एक ठरवलंय. यापुढे अपघाताच्या बातमीत एक ओळ जास्त लिहिणार: सीट जागेवर होतं का, आणि पट्टा कशाला बांधला होता. तुमच्या गाडीतलं मागचं सीट आज जरा हलवून बघा. हललं तर पुढच्या प्रवासाआधी दुरुस्त करा.