उलटप्रवाह-रोधक झडपा : तपासणीत आढळणारे दोष व दुरुस्ती

पिण्याच्या पाण्याच्या नळातील पाणी ठरलेल्या दिशेच्या विरुद्ध, म्हणजे वापराच्या ठिकाणाकडून मुख्य जलवाहिनीकडे, वाहू लागले की त्यास उलटप्रवाह म्हणतात, आणि तो अडवण्यासाठी वाहिनीत बसवलेल्या साधनास उलटप्रवाह-रोधक झडप असे म्हणतात. पंपचालक, नळकारागीर आणि ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक तिला एनआरव्ही किंवा चेक व्हॉल्व्ह म्हणतात. मोठ्या वाहिनीवरची झडप रिफ्लक्स व्हॉल्व्ह म्हणून ओळखली जाते, तर विहिरीत सोडलेल्या शोषणनळीच्या तळाशी असणारा फूट व्हॉल्व्ह हाही त्याच कुळातला. यांतील बहुतेक झडपा पंप व वाहिनी यांच्या संरक्षणासाठी बसवलेल्या असतात. पाण्याची शुद्धता राखण्याचे काम त्या आपोआप करतात, ही समजूत चुकीची आहे.

उलटप्रवाह दोन कारणांनी घडतो. मुख्य वाहिनीतील दाब एकाएकी उतरला की तिच्यात पोकळी निर्माण होऊन जोडलेल्या नळ्यांतील पाणी मागे ओढले जाते, यास उलटे शोषण म्हणतात. आणि उंचावरील टाकी, बाष्पित्र किंवा खासगी पंप यांमुळे ग्राहकाकडील दाब वाहिनीतील दाबापेक्षा वाढला की पाणी मागे ढकलले जाते, यास उलटा दाब म्हणतात. जमिनीपासून 10 मीटर उंच टाकीतील पाणी तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोग्रॅम दाब देते, म्हणून एकमजली घराच्या गच्चीवरची साधी टाकीदेखील, तिची भरणनळी पाण्यात बुडालेली असल्यास, रिकाम्या वाहिनीत पाणी सोडण्यास पुरेशी ठरते. पिण्याच्या पाण्याला दूषित द्रवाशी जोडणाऱ्या अशा कोणत्याही वाटेस मिश्रजोडणी म्हणतात.

मिश्रजोडणीची भयानकता शिकागो शहरात 1933 साली जगापुढे आली. तेथील जागतिक प्रदर्शनाच्या काळात दोन हॉटेलांतील सांडपाणी व पिण्याचे पाणी यांच्या सदोष जोडण्यांमुळे आमांशाची साथ पसरली आणि 98 माणसे दगावली. 1969 साली अमेरिकेतील होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात काविळीची साथ आली. जवळच लागलेली आग विझवताना पाण्याचा दाब उतरला होता आणि मैदानाच्या कडेच्या खड्ड्यातील दूषित पाणी नळात ओढले गेले होते. होली क्रॉसच्या घटनेत दाब उतरणे हा अपवाद होता. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर तालुक्यांच्या अनेक गावांत मात्र तो रोजचा क्रम आहे, आणि या विषयाचे तेथील महत्त्व त्यातच आहे.

भातसा व तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात, तर औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण मुरबाड तालुक्यात आहे. तरीही या धरणांच्या परिसरातील कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत विहिरी आटतात आणि टँकरची वाट पाहावी लागते. जेथे नळपाणी योजना चालू आहे तेथेही पाणी बहुधा ठरावीक वेळच येते. पाणी बंद झाले की उतारावरच्या वस्तीतील उघड्या नळांतून वाहिनी रिकामी होते, चढावरच्या भागात पोकळी निर्माण होते, आणि गळक्या सांध्यांतून, गटाराला खेटून गेलेल्या जोडणीतून किंवा फवारणीच्या पिंपात टाकून ठेवलेल्या नळीतून बाहेरचे पाणी आत शिरते. नळालाच थेट मोटार लावण्याची सवय यात भर घालते, कारण दाब कमी असताना मोटार शेजाऱ्याच्या नळातून आणि जमिनीतील भेगाळलेल्या सांध्यातूनही ओढून घेते. अखंड दाबाच्या शहरी व्यवस्थेत झडपेवर वर्षातून एखादा प्रसंग येतो. येथे ती दररोज उघडते, आपटते, कोरडी पडते आणि पुन्हा भिजते.

झडपांचे प्रकार धोक्याच्या प्रमाणानुसार ठरतात. सर्वांत विश्वासार्ह साधन ही झडपच नव्हे: टाकीच्या काठापेक्षा नळाचे तोंड वर ठेवून सोडलेले मोकळे अंतर, ज्यास हवेची फट म्हणतात, ते कधी झिजत नाही. हे अंतर नळाच्या व्यासाच्या किमान दुप्पट आणि कोणत्याही परिस्थितीत 25 मिलिमीटरपेक्षा कमी नसावे, असा सर्वमान्य नियम आहे. त्याखालोखाल कमी दाबाच्या कक्षाची झडप येते. तिच्यात दोन रोधक झडपांच्या मध्ये एक निचरा झडप असते आणि पहिल्या रोधक झडपेच्या दोन्ही बाजूंचा दाबफरक धोक्याच्या पातळीला आला की ती मधले पाणी बाहेर सोडून देते. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील बाष्पित्रे आणि रसायने हाताळणारे कारखाने यांच्यासाठी हाच प्रकार किंवा स्वतंत्र मध्यटाकी योग्य होय. मध्यम धोक्याच्या ठिकाणी स्प्रिंग असलेली दुहेरी रोधक झडप चालते. एकेरी पल्ल्याची (उघडमीट करणारा एकच भाग असलेली) झडप आरोग्यरक्षणासाठी अपुरी समजावी. भारतीय मानकांत झुलत्या पल्ल्याच्या रिफ्लक्स झडपांसाठी आयएस 5312, तर फूट व्हॉल्व्हसाठी आयएस 4038 हे क्रमांक आहेत.

तपासणी करताना झडप उघडते का, यापेक्षा ती घट्ट मिटते का, हे पाहिले जाते. दुहेरी झडपेतील प्रत्येक पल्ल्याने प्रवाहाच्या दिशेने किमान सुमारे 70 सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ गळू न देता धरून ठेवावा, अशी अमेरिकेत रूढ असलेली कसोटी आहे. त्यासाठी दोन्ही बाजूंचे बंद-व्हॉल्व्ह मिटवून, पल्ल्याच्या अलीकडच्या चाचणी-तोटीला पारदर्शक नळी उभी जोडतात, तीत पाणी भरतात, पलीकडची तोटी उघडतात आणि नळीतील पातळी स्थिर राहते की घसरते ते पाहतात. कमी दाबाच्या कक्षाच्या झडपेत दाबफरक सुमारे 1.4 मीटर स्तंभापर्यंत उतरण्याआधीच निचरा झडप उघडली पाहिजे. फूट व्हॉल्व्हची परीक्षा याहून सोपी आहे: शोषणनळी काठोकाठ भरून पंप बंद ठेवला आणि काही मिनिटांत पाणी खाली उतरू लागले, तर झडप गळते. वितरणवाहिनीवरील रिफ्लक्स व्हॉल्व्ह नादुरुस्त असल्यास पंप थांबताच त्याचा पंखा उलटा फिरतो आणि दाबमापीचा काटा घसरत जातो.

झडप चाचणीत नापास होण्याचे सर्वांत सामान्य कारण झीज नसून कचरा हे आहे. पीव्हीसी पाइप कापताना पडलेला भुगा, सांध्याच्या सोल्यूशनचे वाळलेले गोळे, टेफ्लॉन टेपचे धागे, लोखंडी पाइपाच्या गंजाच्या पापड्या आणि पावसाळ्यात काळू, भातसा यांसारख्या नद्यांच्या गढूळ पाण्यासोबत येणारा बारीक गाळ हे सारे पल्ला आणि त्याची बैठक यांच्यामध्ये अडकते. केसाएवढा धागादेखील झडपेला गळती लावण्यास पुरेसा होतो. म्हणूनच नवी वाहिनी जोडल्यावर ती आधी मोकळी वाहू देऊन नंतर झडप बसवावी, हा नियम पाळला गेला तर निम्म्याहून अधिक त्रास वाचेल, असे मानण्यास जागा आहे. दुसरे कारण रबराचे: क्लोरिन आणि वारंवारचे कोरडे पडणे यांनी पल्ल्याची चकती कडक होते, तिच्यावर बैठकीची वर्तुळाकार खाच कायमची उमटते, आणि मग पल्ला थोडाही सरकला की खाच जागेवर बसत नाही. तिसरे कारण दणक्याचे: वीज जाऊन पंप एकदम थांबला की मागे परतणारे पाणी पल्ल्यावर आदळते, त्याची बिजागरी सैल होते आणि बैठकीला चिरा पडतात.

यांखेरीज बसवतानाच्या चुका आहेत, ज्या कोणत्याही दुरुस्तीने सुटत नाहीत. झडपेवरील बाण प्रवाहाच्या विरुद्ध ठेवणे, झुलत्या पल्ल्याची झडप खाली उतरणाऱ्या पाइपावर लावणे, चाचणी-तोट्या किंवा झाकण उघडण्यास जागा न सोडता झडप काँक्रीटमध्ये गाडणे, या त्या चुका होत. शेवटच्या चुकीमुळे तर तपासणीच अशक्य होते आणि ज्या झडपेची तपासणी होऊ शकत नाही ती बसवलेली नाही असेच धरावे लागते. मुरबाड-शहापूर भागात याहून गंभीर चूक म्हणजे झडप जमिनीखालच्या चेंबरमध्ये ठेवणे. जून-जुलैच्या पावसात चेंबर भरते, निचरा झडपेचे तोंड किंवा शेजारचा एअर व्हॉल्व्ह गढूळ पाण्यात बुडतो, आणि वाहिनीत पोकळी झाली की पाणी अडवण्यासाठी बसवलेले साधनच दूषित पाण्याचे दार होते. अशी झडप जमिनीच्या वर आणि पुराच्या पातळीच्या वर आणणे हाच उपाय आहे.

दुरुस्तीपूर्वी दोष नेमका कोठे आहे हे ठरवावे. बंद-व्हॉल्व्हच गळका असेल तर चाचणीचा निकाल खोटा येतो आणि चांगली झडप विनाकारण खोलली जाते. निचरा झडपेतून पाणी वापर थांबल्यावरच ठिबकत असेल आणि नळ उघडताच बंद होत असेल तर पहिला पल्ला कचऱ्याने अडला आहे. नळ चालू असतानाही ती वाहत असेल तर दोष तिच्या स्वतःच्या पडद्यात किंवा बैठकीत आहे. त्यानंतर पाणी बंद करून, तोट्या उघडून दाब उतरवून मगच झाकण काढावे. पल्ला व बैठक स्वच्छ पाण्याने आणि मऊ कापडाने पुसावी, तारेच्या ब्रशने घासू नये. चकती दोन्ही बाजूंनी वापरता येणारी असेल तर उलटवावी, नाहीतर त्याच झडपेची मूळ चकती घालावी. सायकलच्या ट्यूबमधून कापलेली चकती काही दिवस गळती थांबवते, पण ती पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली नसते. रबराला खनिज तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्याने काही रबरे फुगतात. अन्नयोग्य सिलिकॉन ग्रीस वापरावे. बैठक खोल चिरली असेल तर ती किंवा पूर्ण झडप बदलावी. फूट व्हॉल्व्हची गळती थांबवण्यासाठी शोषणनळीत शेणकाला ओतण्याचा शेतीपंपावरचा उपाय पिण्याच्या पाण्याच्या योजनेत कदापि करू नये. काम झाल्यावर वाहिनीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे द्रावण सोडून ती धुवावी, झडपेची चाचणी पुन्हा घ्यावी आणि शेवटच्या नळावर उर्वरित क्लोरिन दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम आहे याची खात्री करावी.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर होते आणि धोक्यानुसार हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड दिले जाते. झडपांची तपासणी याच दोन वेळांना जोडून घेणे गावाला सहज शक्य आहे. मात्र ती पाणी चालू असताना करून उपयोग नाही, पुरवठा नुकताच बंद झालेला असताना आणि वाहिनी रिकामी होत असतानाच करावी.