तांदूळ धुणे

तांदूळ धुणे म्हणजे शिजवण्यापूर्वी तांदूळ पाण्यात हलवून ते पाणी ओतून काढण्याची क्रिया होय. या क्रियेत निघणाऱ्या पांढुरक्या पाण्यास धुवण म्हणतात. भारतात भाताच्या प्रदेशांत ही रीत सार्वत्रिक आहे. धुण्याने धूळ, कोंडा व सुटे पीठ निघून जाते. त्याबरोबर पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वेही जातात. त्यामुळे तांदूळ धुवावा की नाही आणि धुवायचा तर किती, हे त्या तांदळाच्या जातीपेक्षा त्यावर झालेल्या प्रक्रियेवर अधिक अवलंबून असते. महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यात उकडा व सुरय असे दोन्ही प्रकारचे तांदूळ रोजच्या वापरात असल्याने हा फरक तेथे स्पष्टपणे दिसतो.

सिंधुदुर्गातील तांदूळ

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात भात हे खरीपाचे मुख्य पीक आहे. घरातील तांदळाचे दोन भाग पडतात. भात (साळ) न उकडता थेट भरडून व सडून मिळतो तो सुरय तांदूळ. भात पाण्यात भिजवून, मोठ्या भांड्यात उकडून, उन्हात वाळवून मग भरडला की उकडा तांदूळ तयार होतो. वालय यांसारख्या तांबड्या कोंड्याच्या स्थानिक जातींचा उकडा तांदूळ पेजेसाठी विशेष पसंत केला जातो.

पेजेसाठी उकडा तांदूळ धुऊन भरपूर पाण्यात मऊ शिजवतात आणि पाण्यासकट खातात. सुरय तांदूळ जेवणातील भातासाठी, तसेच घावणे, आंबोळी व मोदक यांच्या पिठासाठी वापरतात. मोदकाच्या पिठासाठी तांदूळ धुऊन, कापडावर पसरून सावलीत वाळवतात आणि मग दळतात. येथे धुण्याचा हेतू केवळ स्वच्छता हा नसतो. पाणी शोषलेला दाणा ठिसूळ होतो, त्यामुळे पीठ अधिक मऊ व बारीक येते.

धुण्याची कारणे

पूर्वी भात घरोघरी वायनात मुसळाने कांडला जाई. सुपात पाखडल्यावरही तूस, कोंडा, कणी व बारीक खडे काही प्रमाणात राहत. त्यामुळे निवडणे आणि धुणे ही भात शिजवण्याआधीची अपरिहार्य कामे होती. गिरणीत सडलेल्या व स्वच्छ करून पिशवीबंद केलेल्या तांदळात हा कचरा पुष्कळ कमी असतो. मात्र सुटा तांदूळ, गोणीतून आलेला तांदूळ आणि साठवणीचा तांदूळ धुणे आजही आवश्यक ठरते. कीड लागू नये म्हणून अनेक घरांत साठवणीच्या तांदळास बोरिक पावडर चोळतात. ती पोटात जाणे अपायकारक असल्याने असा तांदूळ दोन-तीन पाण्यांनी नीट धुवावा लागतो.

तांदूळ धुतल्याने भात मोकळा होतो, हा समज सर्वत्र आढळतो. धुण्याने दाण्यावरचे सुटे पीठ जाते आणि उतू जाणारा फेस कमी होतो, हे खरे आहे. परंतु भाताचा चिकटपणा मुख्यतः शिजताना दाण्यातून बाहेर येणाऱ्या स्टार्चवर, विशेषतः अमायलोपेक्टिन या घटकावर अवलंबून असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिजवण्यापूर्वी धुण्याचा भाताच्या पोतावर मोठा परिणाम आढळला नाही.

पोषणद्रव्यांची हानी

तांदळातील ब गटातील जीवनसत्त्वे प्रामुख्याने कोंड्यात व अंकुरात असतात. तांदूळ जितका अधिक सडावा, तितकी ती कमी होतात. उरलेली जीवनसत्त्वे दाण्याच्या पृष्ठभागाजवळ असल्याने पाण्यात सहज उतरतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तांदूळविषयक ग्रंथात धुण्याने होणारी हानी नोंदवली आहे. थायामिन (ब१) या जीवनसत्त्वाची हानी न उकडता सडलेल्या तांदळात २२ ते ५९ टक्के, असडीक तांदळात १ ते २१ टक्के, तर उकड्या तांदळात ७ ते १५ टक्के होते.

उकड्या तांदळातील हानी मर्यादित राहण्याचे कारण त्याच्या प्रक्रियेत आहे. भात भिजवताना व उकडताना कोंड्यातील जीवनसत्त्वे पाण्याबरोबर दाण्याच्या आत शिरतात आणि स्टार्च घट्ट बसून दाणा कठीण होतो. त्यामुळे सडताना आणि धुताना ती कमी सुटतात.

या फरकाला आरोग्याच्या इतिहासात मोठे महत्त्व आहे. थायामिनच्या अभावाने बेरीबेरी हा मज्जातंतू व हृदय यांना ग्रासणारा रोग होतो. डच वैद्य क्रिस्तियान आयकमन यांनी १८९० च्या दशकात जावा बेटावर सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांमध्ये तशाच प्रकारचा विकार दाखवून दिला. जीवनसत्त्वांच्या शोधाला चालना देणाऱ्या या कार्याबद्दल त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भारतात हा रोग आंध्रच्या किनारी जिल्ह्यांत, म्हणजे न उकडता सडलेला तांदूळ खाणाऱ्या भागात आढळे. उकडा तांदूळ खाणाऱ्या भागांत तो विरळा होता.

भात शिजल्यावर पाणी वेळून टाकल्यास हानी आणखी वाढते. पेजेत मात्र शिजवण्याचे पाणी पोटात जात असल्याने त्यात उतरलेली द्रव्ये वाया जात नाहीत.

पोषणसंवर्धित तांदूळ

शिधावाटप दुकाने व शालेय पोषण आहार यांतून पोषणसंवर्धित तांदूळ देण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी केली. यात तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल व ब१२ मिसळून दाण्याच्या आकाराचे कण बनवतात आणि साधारण १०० दाण्यांमागे एक या प्रमाणात ते साध्या तांदळात मिसळतात. एक किलो तांदळात लोहाचे प्रमाण २८ ते ४२.५ मिलिग्रॅम असावे, असे मानक आहे. पोषणद्रव्ये कणाच्या आत असल्याने हलक्या धुण्याने ती फारशी जात नाहीत. काही देशांत दाण्यांवर नुसती भुकटी लावतात, ती मात्र धुतल्यास निघून जाते. धुताना हे कण कधी पाण्यावर तरंगतात आणि रंगानेही वेगळे दिसतात. त्यांना ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून वेचून टाकण्याचे प्रकार घडले आहेत. तसे केल्यास ज्या घटकांसाठी हा तांदूळ दिला जातो, तेच घटक फेकले जातात.

आर्सेनिक, प्लास्टिकचे कण व जंतू

गंगेच्या खोऱ्यातील बंगालसारख्या काही भागांत भूजलातील आर्सेनिक तांदळात उतरते. नुसत्या धुण्याने त्यातील थोडाच अंश कमी होतो. भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी काढून टाकल्यास अधिक घट होते. मात्र त्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात धुण्याने तांदळातील प्लास्टिकचे कण २० ते ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले.

धुण्याने तांदूळ निर्जंतुक होत नाही. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकू शकतात. म्हणून शिजलेला भात उबदार हवेत तासन्‌तास उघडा न ठेवणे हे धुण्यापेक्षा महत्त्वाचे ठरते.

धुण्याचे प्रमाण

तांदूळ कोणता, यावरून धुण्याचे प्रमाण ठरते. स्वच्छ, पिशवीबंद सुरय तांदळास एक-दोन वेळा हलक्या हाताने धुणे पुरेसे असते. पाणी पूर्ण निवळेपर्यंत चोळून धुतल्यास थायामिनची हानी वाढते. उकडा तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुतला तरी हानी तुलनेने कमी होते आणि उकडण्याचा उग्र वासही उतरतो. धुतल्यावर तांदूळ भिजत घातल्यास तेच पाणी शिजवण्यासाठी वापरणे हितकारक असते.

धुवणाचा उपयोग

धुवणात स्टार्च, कोंड्याचे सूक्ष्म कण, खनिजे व ब गटातील जीवनसत्त्वे असतात. कोकणात ते गुरांच्या पाण्यात मिसळण्याची किंवा परसातील झाडांना घालण्याची रीत आहे. आयुर्वेदात तांदळाच्या धुवणास तंडुलोदक म्हणतात. शार्ङ्गधरसंहितेत ते कांडलेल्या तांदळाच्या आठपट पाणी घेऊन करण्यास सांगितले आहे. स्त्रियांच्या विकारांवरील पुष्यानुग चूर्ण तंडुलोदक व मध यांच्याबरोबर देण्याचा प्रघात आहे. बोरिक पावडर लावलेल्या तांदळाचे धुवण मात्र खाण्यापिण्यासाठी किंवा गुरांसाठी वापरू नये.