उसने नाव, घरचा देह : ‘मालेगाव का सुपरमॅन’ आणि हौशी विज्ञानपटाचा इतिहास

१

मराठी विज्ञानकथेचा इतिहास आपण आजवर प्रामुख्याने छापील पानांवरून लिहिला. १९६६ साली मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली आणि १९७४ साली परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशी नाममालिका त्यानंतर सिद्ध होते. या इतिहासाच्या आरंभबिंदूशीच एक सूचक घटना आहे. ‘कृष्णविवर’ ही कथा नारळीकरांनी स्वतःच्या नावाने पाठवली नव्हती. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ असे टोपणनाव घेतले होते. शास्त्रज्ञाचा अधिकार बाजूला ठेवून एका अनामिक हौशी लेखकाच्या रांगेत उभे राहण्याची ही कृती होती. पुढे मात्र समीक्षेने या वाङ्मयप्रकाराची प्रतवारी लावताना लेखकाच्या वैज्ञानिक अधिकारालाच निकष मानले. कथेतील विज्ञान किती अचूक, किती संभाव्य, किती बोधप्रद, हे आपले प्रश्न राहिले.

या निकषांमुळे एक मोठा प्रदेश दृष्टीआड झाला. विज्ञानपटाला प्रचंड भांडवल लागते, ते आपल्याकडे नाही, म्हणून आपल्याकडे विज्ञानपट नाही, असे एक सोयीचे अनुमान रूढ झाले. मालेगावच्या यंत्रमागांच्या खडखडाटात २००८ च्या सुमारास चित्रित झालेला ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा चित्रपट या अनुमानाला छेद देतो. विज्ञानपटातील विज्ञान कथेच्या आशयातच शोधावे, असा आपला परिपाठ आहे. चाहत्यांनी स्वखुशीने, पदरमोड करून केलेल्या निर्मितीत मात्र ते आशयातून सरकून निर्मितिप्रक्रियेत जाते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते मांडताना नाशिक जिल्ह्यातील या घटनेकडे मी गोंदिया जिल्ह्यातून, म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीच्या परिसरातून पाहत आहे. हौस आणि व्यवस्था यांचा संबंध समजून घ्यायला ही जागा उपयोगी पडते, हे पुढे स्पष्ट होईल.

२

सुपरमॅन हा अमेरिकन भांडवली मनोरंजनाचा प्रातिनिधिक नायक, अशी आपली समजूत असते. त्याचे मूळ मात्र वेगळे आहे. क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर ही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील मुले. १९३३ साली त्यांनी ‘सायन्स फिक्शन’ नावाचे एक चक्रमुद्रित नियतकालिक स्वतःच काढले आणि ‘सुपरमॅन’ हे नाव त्यांनी प्रथम वापरले ते त्यातील एका कथेत. विज्ञानकथांच्या चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेली अशी हौशी पत्रे तेव्हा अमेरिकेत निघत असत. पुढे नायकाचे रूप बदलले, १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो अवतरला आणि त्याचे सर्व हक्क त्याच्या जनकांनी १३० डॉलरला विकले. म्हणजे हौसेतून जन्मलेला नायक पाच वर्षांत मालमत्ता झाला. त्यानंतर सत्तर वर्षांनी मालेगावातील काही तरुणांनी त्याला कोणाचीही परवानगी न घेता पुन्हा हौशी माणसांत आणून बसवले. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणावयाचे ते उघड आहे. सांस्कृतिक इतिहासाच्या भाषेत हे एक प्रकारचे घरी परतणे आहे.

दुसरा पूर्वेतिहास नाशिक जिल्ह्यातलाच आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी चित्रपट पाहिला, तेव्हा त्यांच्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. उसन्या प्रतिमेच्या जागी घरची प्रतिमा पाहण्याची ही क्रिया भारतीय चित्रपटाच्या आरंभीच आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हा चित्रपट विम्याची पॉलिसी गहाण ठेवून, घरच्या माणसांच्या श्रमावर उभा राहिला. सरस्वतीबाई फाळके स्वयंपाकही करीत आणि कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे कामही करीत. स्त्री-भूमिकेसाठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) तेच राम आणि तेच सीता झाले. त्याच चित्रपटात हनुमान आकाशातून गेला. फाळके यांची कथा पुराणातली होती, विज्ञान त्यांच्या हातात होते. एका रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपणाऱ्या ‘अंकुराची वाढ’ या त्यांच्या लघुपटात जी प्रयोगशील दृष्टी आहे, तीच हनुमानाच्या उड्डाणामागे आहे. आशय पौराणिक आणि निर्मिती वैज्ञानिक, ही विभागणी ध्यानात ठेवली तर मालेगावच्या उड्डाणाचा अर्थ लागू लागतो.

३

गिरणा-मोसम खोऱ्यातले मालेगाव यंत्रमागांचे शहर आहे. उत्तर भारतातून स्थलांतरित झालेल्या विणकरांनी ते घडवले. बारा तासांची पाळी, शुक्रवारची सुट्टी आणि त्या सुट्टीला चित्रपटगृहांपुढे जमणारी पुरुषांची गर्दी, असे तेथील करमणुकीचे वेळापत्रक. शेख नासिर हे तेथे व्हिडिओ पार्लर चालवीत. परदेशी मूकपटांतील आणि मारधाडपटांतील तुकडे जोडून प्रेक्षकांना दाखवता दाखवता त्यांना संकलन अवगत झाले. २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ केला. त्याचा खर्च सुमारे ५०,००० रुपये सांगितला जातो. लग्नाच्या चित्रीकरणाचा कॅमेरा, कामावरून वेळ काढून आलेले नट आणि घोड्यांऐवजी सायकलींवरून येणारे डाकू, अशी ही सामग्री होती.

‘सुपरमॅन’ करताना अडचण निराळी होती. घोड्याऐवजी सायकल चालते. उडण्याऐवजी काय चालेल? येथे नासिर यांना पर्याय नव्हता, त्यांना तंत्रच शिकणे भाग होते. हिरव्या कापडापुढे माणसाला आडवे धरायचे, चित्रित करायचे, मग संगणकावर तो हिरवा रंग काढून तेथे आकाश बसवायचे, ही रीत त्यांनी खटपट करून आत्मसात केली. कॅमेरा हलता ठेवण्यासाठी सायकल आणि उंचावर नेण्यासाठी बैलगाडी वापरली. चित्रीकरण चालू असताना कॅमेरा पाण्यात पडला आणि काम खोळंबले. नायकाचे लग्न निघाले आणि काम पुन्हा खोळंबले. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात ही सारी प्रक्रिया नोंदली गेली आहे. ती पाहताना जाणवते ते असे की, येथे ‘विशेष दृश्यपरिणाम’ ही पडद्यावर संपणारी गोष्ट राहत नाही. ज्याने रोज यंत्राच्या वेगाशी आपला वेग जुळवून घेतला, त्या माणसाने एकदा यंत्राला आपल्या कल्पनेच्या वेगाने चालवून पाहिले, असा तिचा अर्थ होतो.

नायकाची भूमिका शफिक शेख या यंत्रमाग कामगाराने केली. अंगकाठी किरकोळ, निळ्या पोशाखावर लोंबणारी चड्डीची नाडी, शहराच्या धुळीधुराने दमलेला जीव. त्याच्यापुढचा खलनायक घाणीवर प्रेम करणारा, आणि लोकांनी तंबाखू खाऊन जिकडेतिकडे थुंकावे यात धन्यता मानणारा. परग्रहावरून आलेल्या नायकाला पृथ्वीवरचे संकट शोधावे लागते. मालेगावच्या नायकाला ते शोधावे लागले नाही. ते रस्त्यावर होते.

४

या चित्रपटाला सरसकट ‘विडंबन’ म्हटले जाते. मराठी वाचकाला या संज्ञेने आचार्य अत्रे यांची ‘झेंडूची फुले’ आठवतात. तेथे उपहासाचा रोख मूळ कवितेवर, तिच्या लकबींवर असतो. मालेगावच्या चित्रपटात मूळ सुपरमॅनविषयी उपहास नाही, ओढ आहे. उपहासाचा रोख आहे तो ज्या परिस्थितीत सुपरमॅनलाही दम लागतो त्या परिस्थितीवर. म्हणून ही संज्ञा अपुरी पडते.

‘रूपांतर’ ही संज्ञा तपासून पाहू. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) किंवा देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) या परंपरेत शेक्सपिअरच्या पात्रांना एतद्देशीय नावे मिळतात, पोशाख बदलतो, कथानकाचा सांगाडा मात्र टिकतो. नाव घरचे, देह उसना. मालेगावात याच्या नेमके उलट घडते. नाव तेवढे उसने ठेवले जाते. भाषा, देह, शत्रू, आजार, विनोद सारे घरचे. एकोणिसाव्या शतकातील सुशिक्षित रूपांतरकाराला मूळ कृतीचे मोठेपण आपल्या भाषेत आणावयाचे होते. यंत्रमागावरच्या चाहत्याला त्या मोठेपणाच्या नावाखाली आपले लहानपण दाखवावयाचे आहे. हा फरक वर्गीय आहे, तसाच सौंदर्यशास्त्रीयही आहे.

फिनलंडमधील टॅम्पेरे येथे काही तरुणांनी ‘स्टार ट्रेक’च्या प्रेमातून ‘स्टार रेक : इन द पर्किनिंग’ हा चित्रपट काही वर्षे खपून पुरा केला आणि २००५ साली तो सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिला. निळा पडदा घरात, अवकाशयान संगणकात आणि मनुष्यबळ स्वयंसेवकांचे, अशी तेथील व्यवस्था होती. त्यांची ईर्षा मात्र व्यावसायिक सफाई गाठण्याची होती आणि ती त्यांनी बऱ्याच अंशी गाठली. पुढे त्याच चमूने ‘आयर्न स्काय’ (२०१२) हा व्यावसायिक चित्रपट केला. मालेगावच्या पडद्यावर सांधा दिसतो. उडणाऱ्या माणसाच्या कडा थरथरतात. प्रेक्षक त्या थरथरीला हसतो, पण त्या हसण्यात ओळख असते. तो माणूस कसा उडवला हे त्याला दिसत असते, आणि उडवणारे आपल्यापैकीच आहेत हेही दिसत असते. भ्रम पूर्ण नसणे हा येथे दोष ठरत नाही. प्रेक्षक आणि निर्माता यांच्यातल्या विश्वासाचा तो पुरावा ठरतो.

५

झाडीपट्टीचा संदर्भ येथे येतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात दंडार, खडी गंमत यांच्या जोडीने नाटकांची एक समांतर रंगभूमी वाढली. धान घरात आले, मंडई भरली, शंकरपट झाले की रात्रभर चालणारी नाटके लागतात. गोंदियाहून अर्जुनी मोरगावमार्गे जाणाऱ्या लोहमार्गावरील वडसा हे तिच्या नाट्यमंडळ्यांचे केंद्र. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर शहरी वृत्तपत्रांनी तिची विशेष दखल घेतली, पण तिचा प्रेक्षक त्या दखलीवाचूनच टिकलेला होता.

दोन्ही ठिकाणी काही गोष्टी समान आहेत. नट शेतकरी किंवा कामगार. स्त्री-भूमिकांसाठी बाहेरगावच्या अभिनेत्री. प्रमाण मराठीच्या किंवा प्रमाण हिंदी-उर्दूच्या कडेने चालणारी बोली. संहिता छापून न येणे आणि म्हणून वाङ्मयेतिहासात जागा न मिळणे. फरक मात्र निर्णायक आहे. झाडीपट्टीत गावातील मंडळ नाटक ठरवते, मंडप उभारते, तिकिटे विकते. मंडळी हंगामभर फिरते. पुढच्या वर्षी हंगाम पुन्हा येतो. म्हणजे हौसेला तेथे पंचांग मिळाले, व्यवहार मिळाला, संस्था मिळाली. मालेगावची हौस एका माणसाच्या गल्ल्यावर आणि त्याच्या मित्रांच्या बुडालेल्या मजुरीवर उभी होती. ‘स्वयंसेवा’ या शब्दाला एक उदात्त वलय आहे. ज्याच्या घरी दिवसाच्या मजुरीवर चूल पेटते, त्याने विनामूल्य दिलेला दिवस हा मध्यमवर्गीय छंदाच्या दिवसाहून वेगळ्या किमतीचा असतो, हे त्या वलयात झाकले जाते. हौशी रंगभूमीचा आपला इतिहास बहुधा नोकरदारांच्या संध्याकाळांचा इतिहास आहे. पाळीवरून सुटलेल्यांच्या हौसेचा इतिहास अजून लिहावयाचा आहे.

६

शफिक शेख २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने तरुण वयातच वारले. तंबाखूच्या खलनायकाशी लढलेल्या नायकाचा असा अंत व्हावा, यात काव्यात्म न्याय शोधण्याचा मोह समीक्षकाने टाळावा. त्यात काव्यात्म असे काही नाही. पडद्यावरचे संकट रस्त्यावरचे होते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

यापुढचा प्रश्न आपल्या व्यवसायाचा आहे. २००८ चा माहितीपट जून २०१२ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ प्रदर्शित झाला. दोन्ही कृती आस्थेने केलेल्या आहेत. तथापि आज ‘मालेगावचा सुपरमॅन’ म्हणताच सुशिक्षित प्रेक्षकाला या कृती आठवतात. ज्या चित्रपटाविषयी त्या आहेत, तो चित्रपट फार थोड्यांनी पाहिलेला असतो. मूळ ग्रंथ बाजूला राहून टीकाग्रंथच पाठ होत जावा, तशातला हा प्रकार आहे. कौतुकाचा विषय झालेली निर्मितिकथा निर्मितीचीच जागा घेते, आणि ‘गरीब असूनही त्यांनी हे केले’ या वाक्यात ‘काय केले’ हा प्रश्न हरवतो.

हा चित्रपट मराठीत नाही, तेव्हा मराठी समीक्षेने त्याची चिकित्सा का करावी, अशी शंका काहींना येईल. फाळके यांचे मूकपट कोणत्याच भाषेत नव्हते, तरी त्यांना आपण आपल्या इतिहासात घेतले. मालेगाव नाशिक जिल्ह्यातच आहे. हनुमानाच्या उड्डाणापासून नाडी लोंबणाऱ्या सुपरमॅनपर्यंतचे नव्वदएक वर्षांचे अंतर एकाच जिल्ह्यातले आहे. ते मोजावयाचे तर प्रथम मूळ चित्रफीत जपली पाहिजे, विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिची प्रत असली पाहिजे, आणि पदव्युत्तर वर्गात ती एक संहिता म्हणून प्रसंगशः वाचली गेली पाहिजे. झाडीपट्टीच्या हस्तलिखितांसाठीही हीच मागणी आहे. दोहोंचे निर्माते आपल्या मान्यतेसाठी थांबले नव्हते. मात्र त्यांच्या कृती नष्ट झाल्यावर आपण त्यांच्याविषयी जे लिहू, त्याला समीक्षा म्हणता येणार नाही. ते केवळ स्मरणलेखन असेल.