शिवणीची परीक्षा

पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना ३० जुलै १९३० रोजी माँटेव्हिडिओत झाला. खेळायचे कोणत्या चेंडूने, यावरूनच अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्यात वाद पेटला. शेवटी पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने खेळवण्यात आला. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ असा पुढे होता. सामना उरुग्वेने ४-२ असा जिंकला. चेंडूचा परीघ २७ ते २८ इंच असावा, हा दंडक इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८७२ मध्येच घातला होता. तरीही चेंडू बदलला की खेळ बदलतो, याची खेळाडूंना खात्री होती. चांगला चेंडू म्हणजे काय, हे मोजपट्टीने ठरत नव्हते.

तेव्हाचा चेंडू चामड्याचा होता. डुकराच्या मूत्राशयाची जागा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रबरी फुग्याने घेतली होती. पण वरचे आवरण कातड्याचेच राहिले. तुकडे उलट्या बाजूने शिवायचे, मग आवरण सुलटे करून आत फुगा घालायचा आणि तोंड वादीने आवळायचे. पावसात हे चामडे पाणी पिऊन जड होई. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचे जेफ अ‍ॅस्टल डोक्याने गोल मारण्यासाठी प्रसिद्ध होते. २००२ मध्ये वयाच्या ५९ व्या वर्षी ते वारले. जड चेंडूला वारंवार डोके लावल्याने मेंदूला इजा झाली, असा निष्कर्ष मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने काढला आणि या मृत्यूची नोंद व्यवसायजन्य आजार अशी केली. चेंडूने किती पाणी शोषावे, हा प्रश्न केवळ कारखानदाराचा नव्हता.

१९७० च्या मेक्सिको विश्वचषकातला ‘टेलस्टार’ आजही फुटबॉलचे चित्र म्हणून डोळ्यांसमोर येतो: १२ काळे पंचकोन, २० पांढरे षटकोन. कृष्णधवल टीव्हीवर तो उठून दिसे. रचनेमागचे गणितही सोपे होते. सपाट तुकडे या पद्धतीने जोडून आत हवा भरली की जवळजवळ गोल आकार मिळतो. १९८६ च्या ‘अ‍ॅझ्टेका’पासून विश्वचषकातून चामडे गेले आणि कृत्रिम आवरण आले. शिवण मात्र हाताचीच राहिली. ३२ तुकड्यांच्या चेंडूला ९० कडा जोडाव्या लागतात. दोन सुया, मेण लावलेला दोरा आणि तुकडे धरायला लाकडी चिमटा, एवढीच साधने. शेवटची शिवण सर्वांत अवघड, कारण तिची गाठ आत दडवायची असते.

१९९६ पासून फिफाने चेंडूंवर गुणवत्तेचा शिक्का सुरू केला. त्यातील वरच्या दर्जासाठी सात कसोट्या ठरल्या. वजन ४२० ते ४४५ ग्रॅम, परीघ ६८.५ ते ६९.५ सेंटीमीटर. गोलाई अनेक ठिकाणी व्यास मोजून तपासायची. दोन मीटरवरून पोलादी पाटावर सोडलेल्या चेंडूची उसळी ठरावीक मर्यादेत हवी. पाण्यात दाबून फिरवल्यावर वजन दहा टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये. तीन दिवसांत हवेचा दाब वीस टक्क्यांहून अधिक उतरू नये. शेवटी ताशी ५० किलोमीटर वेगाने पोलादी पाटावर २००० वेळा आदळूनही आकार टिकायला हवा.

त्याच १९९६ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकात पाकिस्तानातल्या फुटबॉल शिवणाऱ्या मुलाचे छायाचित्र छापून आले. जगातले बहुतेक हातशिलाईचे फुटबॉल तेव्हा सियालकोट आणि भोवतालच्या गावांत तयार होत. फाळणीनंतर तिथले अनेक कारागीर आणि व्यापारी जालंधरला आले आणि भारतातला हा धंदा तिथे उभा राहिला. शिवणकाम घरोघरी चाले, त्यात मुलेही असत. छायाचित्रानंतर उठलेल्या गदारोळातून फेब्रुवारी १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, युनिसेफ आणि सियालकोटची व्यापारी संघटना यांच्यात अटलांटा करार झाला. देखरेख करता यावी म्हणून शिवण घरातून केंद्रांत हलली. मुले बरीचशी बाहेर पडली. पण घर सोडून केंद्रावर जाणे जमत नव्हते अशा अनेक बायकांची मिळकतही गेली. २००० आघात सोसणाऱ्या शिवणीमागचा हात सात कसोट्यांत कुठेच नव्हता.

पुढे शिवणच नको, असा विचार झाला. २००६ चा चेंडू १४ तुकड्यांचा होता आणि ते उष्णतेने जोडलेले होते. २०१० च्या ‘जाबुलानी’चे तुकडे आठच. तो नियमात चोख बसला होता, तरी गोलरक्षक हैराण झाले: चेंडू हवेत अचानक हेलकावे खाई. कारण विंड टनेलमध्ये उलगडले. सांध्यांच्या खाचा चेंडूलगतची हवा ढवळतात आणि ती चेंडूला अधिक काळ चिकटून राहते. सांधे कमी झाले की पृष्ठभाग फार गुळगुळीत होतो आणि डगमगण्याचा वेग वर सरकतो. नासाच्या एम्स केंद्रातल्या चाचण्यांत ‘जाबुलानी’ ताशी ७०-८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नेमका फ्री किकच्या वेगाला, डगमगताना दिसला. २०१४ च्या ‘ब्राझुका’चे तुकडे सहाच होते, पण वळणदार कडांमुळे सांध्यांची लांबी दोन मीटरच्या आसपास होती ती तीन मीटरहून अधिक झाली. डगमगण्याचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास उतरला.

‘ब्राझुका’ सियालकोटमध्येही तयार झाला. सांधा परत आला, सुई मात्र परत आली नाही. चेंडूची कसोटी त्यावर पडणाऱ्या आघातांची मोजदाद करते. तो हवेत कसा वागतो, हे तिने विचारले नव्हते आणि तो कोणाच्या हातून घडतो, हेही नाही. दोन्ही प्रश्न शिवणीपाशीच होते. पहिल्याचे उत्तर विंड टनेलने चार वर्षांत दिले. दुसऱ्यासाठी एक छायाचित्र लागले, आणि त्याचे उत्तर आजही अर्धेच मिळाले आहे.