जोडणीचा हात

जून १९६५मध्ये जेमिनी ४ यानातून अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला आणि तो फसला. टप्प्याच्या दिशेने जोर लावूनही गाठ पडेना, कारण कक्षेत पुढे ढकललेले यान वर चढते आणि मागे पडू लागते. हे गणित ठाऊक नव्हते असे नाही. एडविन ऑल्ड्रिन यांचा याच विषयावरचा प्रबंध १९६३चा. मात्र गणित कळणे आणि ते हातात उतरणे यांत अंतर असते, आणि ते सरावानेच तुटते. नासाच्या लँग्ली केंद्राच्या हँगरमध्ये छतापासून तारांनी टांगलेली जेमिनीची पूर्णाकृती प्रतिकृती त्यासाठीच होती. १६ मार्च १९६६ रोजी अंतराळवीर आर्मस्ट्राँग आणि स्कॉट यांनी अजेना या मानवरहित लक्ष्ययानाशी अवकाशातली पहिली जोडणी केली.

आक्षेप असा, की यंत्र हे काम करते तेव्हा माणसाने का शिकावे? सोव्हिएत संघाने १९६७मध्येच दोन मानवरहित यानांची आपोआप जोडणी केली होती. आक्षेप खरा, पण अपुरा. १९८५मध्ये सॅल्यूत ७ हे अवकाश स्थानक वीज जाऊन निपचित पडले, तेव्हा अंतराळवीर झानिबेकोव्ह यांनी सोयुझ यान हातानेच त्याला भिडवले. स्पेसएक्सने २०२०मध्ये ऑनलाइन खुला केलेला, यान स्थानकाला जोडण्याचा सिम्युलेटर या परंपरेतला आहे, म्हणून त्याला नुसता खेळ म्हणणे मला पटत नाही. पडद्यावरचे हिरवे आकडे ०.२च्या खाली आणायचे असतात. घाईने दाबलेले प्रत्येक बटण उलट दिशेचे बटण दाबून फेडावे लागते.