चाचणीच्या खोलीचं दार



आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक लहानशी खोली असते. दारावर ‘आयसीटीसी’ अशी पाटी असते. आपल्यातल्या कितीतरी जणी पोटुशा असताना त्या खोलीत जाऊन आल्या आहेत. आशाताई सोबत आल्या, आतल्या ताईंनी चार गोष्टी विचारल्या, रक्त घेतलं आणि थोड्या वेळाने निकाल कानात सांगितला. पैसे घेतले नाहीत, आणि निकाल बाहेरच्या बाकावरच्या बाईलाही कळला नाही.

त्याच खोलीत एखादा तरुण मुलगाही जाऊ शकतो, ज्याला बायकांची नाही तर पुरुषांची ओढ वाटते. अशा पुरुषाला समलिंगी म्हणतात, हल्ली ‘गे’ हा शब्दही आपल्या कानावर येतो. त्याचीही एचआयव्हीची चाचणी फुकट होते आणि त्याचीही गोष्ट त्या खोलीतच राहते. हे आज साधं वाटतं, पण असं नेहमी नव्हतं. हे दार कुणी, कसं उघडलं ते आज आम्ही सांगणार आहोत.

सुरुवात १९८६ सालची. तेव्हा हा आजार परदेशातला, आपल्याकडे येणारच नाही असं मोठमोठी माणसं म्हणत होती. मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, डॉक्टर सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी शोध घ्यायचं ठरवलं. निर्मलाने देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि बर्फाच्या डब्यातून रेल्वेने वेल्लोरला नेले. तिथे एचआयव्ही सापडला. भारतातली ही पहिली नोंद, आणि ती दोन बायकांनी केली. पण ज्यांचं रक्त घेतलं त्या बायका सुधारगृहाच्या भिंतीआड होत्या. ‘नको’ म्हणायची सोय त्यांना कितीशी असणार? चाचणी आधी आली. संमती आणि गुपित या गोष्टी फार नंतर आल्या.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारच्या गोव्यातली. डॉमिनिक डिसूझा हा पर्रा गावचा तरुण नेमाने रक्तदान करायचा. त्याने दिलेल्या रक्ताची तपासणी झाली. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला बोलावून नेलं. आपल्याला एचआयव्ही आहे हे त्याला कळलं ते असं, पोलीस सोबत असताना. गोव्याच्या तेव्हाच्या कायद्यानुसार अशा माणसाला वेगळं कोंडून ठेवता येत होतं. क्षयरोग्यांच्या एका जुन्या, रिकाम्या इमारतीत त्याला ६४ दिवस ठेवलं, बाहेर पहारा बसवला. चोरी नाही, मारामारी नाही. गुन्हा काय, तर रक्तात विषाणू निघाला.

त्याच्यासाठी कोर्टाची पायरी चढली ती त्याची आई, लुसी डिसूझा. मुंबई उच्च न्यायालयात तिच्या नावाने खटला उभा राहिला. डॉमिनिक बाहेर आला. पण कोंडून ठेवायची तरतूद न्यायालयाने रद्द केली नाही. तरी त्या आईमुळे देशात पहिल्यांदा हा प्रश्न मोठ्याने विचारला गेला: आजारी माणसाला शिक्षा कशासाठी? डॉमिनिकने पुढे ‘पॉझिटिव्ह पीपल’ या संस्थेची पायाभरणी केली. १९९२ मध्ये तो गेला.

अशी बातमी पसरल्यावर चाचणीला कोण जाईल? निकाल डॉक्टरच्या आधी पोलिसांना कळणार असेल, तर शहाणा माणूस दवाखान्याच्या वाटेलाच जाणार नाही. मग त्याला स्वतःला कळणार नाही, औषध मिळणार नाही आणि आजार दुसऱ्यालाही लागत राहील. गुपित राखणं हे त्या माणसावर उपकार म्हणून नाही, सगळ्यांच्या आरोग्यासाठी लागतं, हे सरकारला समजायला बरीच वर्षं गेली.

१९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणखी एका खटल्याचा निकाल दिला. सरकारी मालकीच्या एका कंपनीत रोजंदारीवर काम करणाऱ्या एका मजुराला एचआयव्ही असल्याचं कळल्यावर कामावर घेणं बंद झालं. तो अंगाने धडधाकट होता, काम करू शकत होता. कोर्टात जायचं तर नाव जाहीर होणार, आणि नाव जाहीर झालं तर गावात, चाळीत राहणं कठीण. न्यायालयाने त्याला नाव न सांगता लढायची मुभा दिली. कागदांवर तो नुसता ‘एमएक्स’ आहे. खटला तो जिंकला, आणि आजही त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत माणसाचं नाव झाकून त्याचा हक्क देता येतो, हे त्या निकालाने दाखवून दिलं.

आता समलिंगी पुरुषांकडे येऊ. त्यांना भीती दुहेरी होती. आजाराची बातमी फुटली तर घर सुटेल ही एक. आणि दुसरी कायद्याची. इंग्रजांनी १८६० मध्ये आणलेल्या भारतीय दंड संहितेत कलम ३७७ होतं. दोन सज्ञान पुरुषांनी राजीखुशीने एकत्र येणं हाही त्यात गुन्हा ठरत होता, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत होती. आता विचार करा. चाचणीच्या आधी समुपदेशक विचारणार, ‘तुमचा संबंध कुणाशी आला?’ खरं सांगावं तर गुन्हा कबूल केल्यासारखं. खोटं सांगावं तर सल्ला चुकीचा मिळणार. बहुतेकांनी तिसरी वाट धरली: जायचंच नाही.

पण सगळेच गप्प बसले नाहीत. १९८६ मध्ये, म्हणजे मद्रासला पहिला विषाणू सापडला त्याच वर्षी, मुंबईचे पत्रकार अशोक राव कवी यांनी आपण समलिंगी आहोत असं एका मुलाखतीत उघडपणे सांगितलं. ती मुलाखत छापली होती ‘सॅव्ही’ या बायकांच्या मासिकाने. त्यांनीच १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी माणसांसाठीचं नियतकालिक सुरू केलं, आणि १९९४ मध्ये मित्रांसोबत हमसफर ट्रस्ट उभा केला. मुंबई महापालिकेने वाकोल्यातल्या आपल्या इमारतीत या संस्थेला जागा दिली. पुढे तिथे समुपदेशन आणि चाचणीची सोय झाली. समोर बसलेला माणूस आपल्यातलाच आहे, तो हसणार नाही, नावं ठेवणार नाही, या भरवशावर तरुण मुलं तिथे येऊ लागली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत पुस्तकंही लिहिली. आपल्या भाषेत वाचायला मिळालं की माणसाला वाटतं, आपण एकटे नाही.

तरी कायदा आडवा येतच होता. दिल्लीच्या तिहार तुरुंगात कैद्यांना कंडोम द्यायचा प्रश्न १९९४ मध्ये निघाला, तेव्हा तुरुंगाच्या प्रशासनाने नकार दिला. २००१ च्या जुलैत लखनौमध्ये याहून वाईट झालं. समलिंगी पुरुषांना एड्सपासून बचावाची माहिती देणाऱ्या, कंडोम वाटणाऱ्या कार्यकर्त्यांनाच पोलिसांनी पकडलं. दीड महिन्याहून जास्त ते तुरुंगात होते. आपल्या आशाताईंना गोळ्या वाटल्या म्हणून कोठडीत टाकावं, तसंच हे.

त्याच वर्षी नाझ फाउंडेशन ही एचआयव्हीवर काम करणारी संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं सरळ होतं: या कलमामुळे माणसं लपतात आणि लपलेल्या माणसापर्यंत औषध पोचत नाही. गंमत बघा, सरकारची दोन खाती कोर्टात दोन भाषा बोलली. गृह खातं म्हणालं, कलम राहू द्या. एड्सचं काम करणारी सरकारचीच संघटना, ‘नॅको’, म्हणाली, हे कलम आमच्या कामात अडथळा आहे. नॅकोने आकडाही दिला: पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ८ टक्के, आणि एकूण लोकांमध्ये १ टक्क्याहून कमी. म्हणजे चाचणीची गरज ज्यांना सर्वात जास्त, त्यांच्याच वाटेत कायद्याचं कुंपण.

२ जुलै २००९ ला दिल्लीच्या न्यायालयाने ते कुंपण काढलं. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा घातलं. अखेर ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला की दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध हा गुन्हा नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी, १० सप्टेंबर २०१८ ला, दुसरी मोठी गोष्ट झाली. संसदेने २०१७ मध्ये मंजूर केलेला एचआयव्ही आणि एड्सचा कायदा लागू झाला. आता समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही. निकाल त्या माणसाच्या परवानगीशिवाय इतरांना सांगता येत नाही. एचआयव्ही आहे म्हणून नोकरी, शाळा, दवाखाना किंवा भाड्याचं घर नाकारता येत नाही. डॉमिनिकसोबत जे झालं, ते आज बेकायदा आहे.

आणि ही खोली? १९९० च्या दशकात सरकारने स्वेच्छेने चाचणीची केंद्रं सुरू केली होती. गरोदर बायकांची तपासणी वेगळी चालायची. २००६ च्या सुमारास दोन्ही एकत्र केली. ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ यातला ‘एकात्मिक’ शब्द तिथून आला. पोटुशी बाई, ट्रकचालक, क्षयरोगाचा पेशंट, समलिंगी मुलगा, सगळ्यांचं दार एकच. त्यामुळे त्या दारातून कुणी आत गेलं म्हणून त्याच्याबद्दल काही ओळखता येत नाही, आणि ते बरंच आहे.

आत काय होतं? समुपदेशक एकट्याशी बोलतात, चाचणी कशाची ते सांगतात, संमती विचारतात. थोडंसं रक्त घेतात. पहिल्या तपासणीत काही निघालं नाही तर निकाल निगेटिव्ह. काही निघालं तर आणखी दोन वेगळ्या तपासण्या करून खात्री करतात. एकाच तपासणीवर कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. निकाल त्यालाच सांगतात. लागण अगदी ताजी असेल तर ती लगेच दिसत नाही, म्हणून धोका होऊन थोडेच दिवस झाले असतील तर तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगतात. पॉझिटिव्ह निघालं तर एआरटी केंद्रात औषध मिळतं. हे औषध सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली. आता निकाल आला की उशीर न करता उपचार सुरू होतात. गोळ्या नेमाने घेतल्या आणि रक्तातला विषाणू सापडेनासा झाला, तो तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. गावात विचारायचा संकोच वाटला तर १०९७ हा मोफत फोन आहे. जवळचं केंद्र कुठे ते तिथे सांगतात.

आता तुमच्या मनातला प्रश्न. घरच्यांच्या दबावाने कितीतरी समलिंगी मुलांची लग्नं लावून दिली जातात. मग त्या बायकोचं काय? तिला कळायला नको? हा प्रश्न खरा आहे, आणि कोर्टालाही पडला होता. १९९८ मध्ये एका माणसाचा निकाल दवाखान्यातून बाहेर गेला आणि त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. सर्वोच्च न्यायालयाने होणाऱ्या बायकोच्या जिवाच्या बाजूने कौल दिला. नव्या कायद्याने यावर मधली वाट काढली आहे. आधी त्या माणसाला समजवायचं, स्वतः सांगायची संधी द्यायची. तरी तो सांगत नसेल आणि जोडीदाराला मोठा धोका असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. मात्र पॉझिटिव्ह बाई असेल आणि सांगितल्यावर तिला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर तसं सांगायचं नाही. जावेला, सासूला, सरपंचाला सांगायची मुभा या कायद्यात कुठेच नाही. आणि मुलगा लग्नाला नको म्हणत असेल तर त्याचं आधी ऐकून घेतलं, तर दोन आयुष्यं वाचतात.

मैत्रिणींनो, दवाखान्यातलं गुपित कायदा राखेल. पाणवठ्यावरचं, बचत गटाच्या बैठकीतलं गुपित आपल्यालाच राखायचं आहे. ‘अमक्याचा मुलगा त्या खोलीत दिसला’ एवढं एक वाक्य गावभर फिरलं की पुढची चार मुलं तिकडे फिरकत नाहीत. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवू या. १०९७ हा नंबर शाळेच्या, पंचायतीच्या भिंतीवर लिहायचा. त्या खोलीत कोण गेलं याची चर्चा करायची नाही. आणि घरातला मुलगा, भाऊ, दीर मनातलं बोलायला आला तर आधी ताटावर बसवायचं, मग ऐकायचं.

लुसी डिसूझा मुलासाठी कोर्टापर्यंत गेली. आपल्याला तर तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत सोबत जायचं आहे, आणि तो एकटा जातो म्हणाला तर एसटीचं भाडं हातावर ठेवायचं आहे.

रामराम. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू.